प्रश्नपेटी : बाईंच्या कपाटाची किल्ली

मागच्या अंकात पानाच्या तळाशी थोडी जागा उरली होती म्हणून मी शिक्षण हक्काच्या कायद्यासाठी झटलेल्या विनोद रैनांवर चार ओळी टाकल्या होत्या. १२ सप्टेंबर २०१३ ला कॅन्सरनं गेलेला हा माणूस आपल्या प्रत्येक सरकारी शाळेत अजून कुठेतरी आहे, फक्त कोणाला ठाऊक नाही, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप येतील असं वाटलं नव्हतं. सुनेच्या मोबाईलचे आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचे प्रश्न या महिन्यात बाजूला ठेवलेत, त्या वाचकांनी रागावू नये, पुढच्या वेळी नक्की घेते.

ताई, तुमच्या चार ओळी वाचून नाव शोधलं तर सगळीकडे तेच ते, शिक्षणतज्ज्ञ, कार्यकर्ते, शिक्षण हक्क कायद्याचे एक शिल्पकार. शिल्पकार हा शब्द आपल्याकडे इतका स्वस्त झालाय की त्यातून काहीच कळत नाही. माणूस नक्की करायचा काय?
– प्राथमिक शिक्षक, पाटण तालुका

गुरुजी, बरं विचारलंत. मी त्यांना कधी भेटले नाही हे आधीच सांगते, नाहीतर गेलेल्या माणसाशी आपली ओळख अचानक घट्ट व्हायला लागते.

माणूस मूळचा काश्मिरी, शिक्षणानं फिजिक्सवाला, तेही थिअरॉटिकल म्हणजे कागद आणि डोकं यावर चालणारं. दिल्ली विद्यापीठात डॉक्टरेट, तिथेच शिकवायला. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पर्मनंट, पगारी, दिल्लीत, सगळं जागेवर. आणि हे सोडून गडी गेला कुठे तर मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या मिडल स्कूलमध्ये विज्ञान कसं शिकवतात ते बघायला. (त्या जिल्ह्याचं नाव आता नर्मदापुरम झालंय, पण ज्यांनी तिथे काम केलं ते अजून होशंगाबादच म्हणतात.)

तिथे १९७२ पासून एक भन्नाट उद्योग चालू होता. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी शाळांमध्ये सुरू केलेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. सहावी ते आठवी. कल्पना साधी, की विज्ञान वाचायचं नाही, करायचं. चार-चार पोरांची टोळी, टोळीला सामान, पुस्तकात प्रयोग दिलेला पण उत्तर दिलेलं नाही, काय दिसलं ते पोरांनी आपल्या शब्दात वहीत लिहायचं आणि मग वर्गात भांडायचं, तुझं वेगळं का आलं, माझं वेगळं का आलं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी. आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुट्ट्यांमध्ये तिथे जाऊन शिक्षकांबरोबर बसायचे. १९७८ ला हे सगळ्या जिल्ह्यात गेलं, म्हणजे सोळा निवडक शाळांचा लाड संपला आणि खरी सरकारी व्यवस्था अंगावर आली. १९८२ ला हे काम पुढे न्यायला 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली आणि ती उभी करणाऱ्यांत रैना होते.

आता तुम्ही शिक्षक आहात म्हणून तुम्हाला एक गोष्ट जास्त कळेल. प्रयोगशाळेच्या बाहेर शंभर पोरांसमोर छान प्रयोग करून टाळ्या घेणं सोपं आहे. पण हे लोक सरकारी पाठ्यपुस्तक बदलत होते, सरकारी परीक्षा बदलत होते, सरकारी शिक्षकालाच बरोबर घेऊन. 'बाल वैज्ञानिक' ही त्यांची पुस्तकं राज्याचं पाठ्यपुस्तक महामंडळ छापायचं. शिक्षकाला फळ्यासमोर "मला हे माहीत नाही, बघूया करून" असं म्हणायची सोय त्यांनी करून दिली. मी स्वतः बरीच वर्षं शिकवलंय, हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघायला किती वर्षं गेली ते सांगायची लाज वाटते. आमच्याकडे विज्ञानपेटी यायची ती साहेब तपासणीला येणार म्हटलं की टेबलावर मांडायची, आम्ही दोघीतिघी पदरानं धूळ पुसायचो, साहेब गेले की परत आत. एक भिंग तर मी निवृत्त होईपर्यंत कागदातून बाहेर आलं नाही.

बाकी रैनांचं काम नुसतं शाळेपुरतं राहिलं नाही. एकलव्यचं ठाणं भोपाळला. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री तिथे गॅस सुटला तेव्हा विज्ञानाच्या माणसाला घरात बसून चालणारच नव्हतं, ते गॅसपीडितांच्या कामात पडले. मग १९८७ चा भारत जन विज्ञान जत्था, देशाच्या वेगवेगळ्या टोकांकडून निघून गावोगाव नाटकं, गाणी, पोस्टर करत शेवटी भोपाळला पोचलेला. त्यातून अखिल भारतीय जन विज्ञान नेटवर्क, आपली लोकविज्ञान संघटना त्यातलीच. मग भारत ज्ञान विज्ञान समिती आणि साक्षरतेची ती मोठी लाट. आणि शेवटी शिक्षण हक्काचा कायदा, ज्याच्या मसुद्यावर ते केंद्राला शिक्षणावर सल्ला देणाऱ्या सेंट्रल ॲडव्हायजरी बोर्डाच्या, म्हणजे केबच्या, कामातून वर्षानुवर्षं बसले. त्यावर खाली वेगळा प्रश्न आलाय.

होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ ला राज्य सरकारनं बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम, तोपर्यंत शेकडो शाळांत पोचलेलं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण श्रद्धांजलीच्या लेखात बंद पडलेली कामं लिहायची पद्धत नाही.

मॅडम मी नववीत आहे. माझ्या मामांकडे एकलव्यच्या 'चकमक' या मुलांच्या हिंदी मासिकाचे जुने अंक आहेत. मामा म्हणतात की तिकडे मुलं सवालीराम नावाच्या माणसाला पत्र लिहायची आणि तो उत्तर द्यायचा. तो खरा होता का? तुम्ही त्याच्यासारख्याच आहात का?

नाही रे बाबा, मी कुठली त्याच्यासारखी. मला तर रोज संध्याकाळी कुकरची शिट्टी मोजताना पण चुकायला होतं.

सवालीराम खरा माणूस नव्हता. 'बाल वैज्ञानिक' पुस्तकातलं ते एक पात्र, मुलांना सांगितलेलं की तुला जो प्रश्न पडेल तो सवालीरामला लिही. आणि पोरांनी लिहिलं की! खेड्यातल्या पोरांची पत्रं यायची आणि एकलव्यची माणसं, त्यांचे शास्त्रज्ञ मित्र, बसून उत्तरं लिहायची, सही सवालीरामची. म्हणजे एक माणूस नाही, अख्खी गँग. उत्तर येत नसेल तर शोधायचं, नाहीतर मुलालाच उलट सांगायचं की अमुक करून बघ आणि आम्हाला कळव. नंतर एकलव्यच्याच हिंदी 'संदर्भ' या नियतकालिकात पण सवालीराम राहिला. आपल्याकडे पुण्याहून निघणारं मराठी 'शैक्षणिक संदर्भ' पण त्याच घराण्यातलं, शाळेच्या लायब्ररीत असेल तर बघ.

मामांचे चकमक सांभाळून वाच, पानं ओढू नकोस. आणि तुझा प्रश्न कुठाय? तू फक्त सवालीरामबद्दल विचारलंस, सवाल काहीच नाही विचारलास. पुढच्या पत्रात पाठव.

आरटीई, तो शिक्षण हक्काचा कायदा, म्हणजे ती २५ टक्के ॲडमिशनची लॉटरीच ना? आमच्या मुलाचा नंबर दोनदा हुकला. एवढ्या एका गोष्टीसाठी कोणाला एवढं मोठं कसं म्हणायचं?
– एक पालक, पिंपरी

तुमचा राग समजतो. ऑनलाईन फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, घराचं अंतर, आणि मग मेसेजची वाट बघत बसायचं, ज्यानं हे केलंय त्यालाच माहीत. पण महाराष्ट्रात आरटीई या शब्दाचा अर्थच लॉटरी झालाय आणि ते त्या कायद्यावर अन्याय करणारं आहे. खाजगी शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना, ते एक कलम, १२ (१)(सी). कायद्यात अजून बरंच आहे जे तुमच्या मुलाला आज, आत्ता, तो ज्या शाळेत असेल तिथे लागू आहे.

मारायचं नाही, टाकून बोलायचं नाही, कलम १७. पाचवीपर्यंत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक आणि पुढे आठवीपर्यंत पस्तीसमागे एक. शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर बिनशैक्षणिक कामाला लावायचं नाही, कलम २७ (हे वाचून माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणी आत्ता हसत असतील, हसा). वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. आणि विनाअनुदानित खाजगी शाळा सोडून बाकीच्यांत शाळा व्यवस्थापन समिती, कलम २१, जिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका.

आता मागचं थोडं सांगते कारण हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं की प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. गोखल्यांनी १९११ ला कौन्सिलमध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ ला कोल्हापूर संस्थानात हुकूमच काढला. मग स्वातंत्र्य आलं, घटनेत दहा वर्षांत करू असं लिहिलं, ती दहा वर्षं काही संपेनात. १९९३ ला सुप्रीम कोर्टानं उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षण हा मूलभूत हक्क म्हटलं, २००२ ला ८६ वी घटनादुरुस्ती होऊन घटनेत कलम २१ क आलं, आणि तरीही कायदा व्हायला २००९ चा ऑगस्ट उजाडला, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. फुल्यांपासून धरा, सव्वाशेच्या वर वर्षं.

या लांबलचक रांगेच्या शेवटच्या टप्प्यात जी माणसं मसुद्यावर बसली, कलमांवरून मंत्रालयाशी भांडली, खर्चाचे हिशेब मांडून दाखवले, त्यात रैना होते. एकट्यानं नाही केलं, कायदा एकट्यानं होत नसतो. पण शाळेत हात मळवलेला माणूस कायद्याच्या टेबलावर असला की फरक पडतो हे मात्र आहे, कारण शिक्षक-विद्यार्थी प्रमाण हा आकडा त्यानं फाईलमध्ये वाचलेला नसतो, वर्गात भोगलेला असतो.

आणि तुमच्या लॉटरीबद्दल. फेब्रुवारी २०२४ ला आपल्या सरकारनं नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबई हायकोर्टानं मे मध्ये स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्दच केला. म्हणजे ज्या लॉटरीत तुमचा नंबर हुकला ती लॉटरी पण कोणीतरी कोर्टात उभं राहून टिकवलीये. पुढच्या वर्षी फॉर्म भरा, पण वयाची अट आधी बघून घ्या, तिथे बरेच जण चुकतात.

ज्या अनिल सद्गोपाल यांनी किशोर भारती काढली त्यांनीच या कायद्याला कडाडून विरोध केला होता. म्हणजे एकाच घरातली दोन माणसं. मग चुकलं कोण? तुम्ही एकाच बाजूचं लिहिताय असं वाटलं.
– निवृत्त प्राध्यापक, औरंगपुरा

सर, चार ओळींत दुसरी बाजू कुठे बसवणार होते. पण मुद्दा शंभर टक्के खरा आहे. सद्गोपाल टीआयएफआरमधलं संशोधन सोडून होशंगाबादला गेलेले, आणि त्यांचं म्हणणं की हा कायदा गरीब श्रीमंतांच्या वेगवेगळ्या शाळा तशाच ठेवतो, वरून खाजगी शाळांना २५ टक्क्यांच्या फीचे सरकारी पैसे देतो, समान शाळा पद्धत हवी होती ती बाजूलाच राहिली, शिवाय सहाच्या आतली आणि चौदाच्या पुढची मुलं बाहेर. यातलं एकही वाक्य खोटं नाही. रैना कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. त्रुटी त्यांना दिसत नव्हत्या असं नाही, पण लोकांच्या हातात धरायला काहीतरी हवं, मग त्याला धरून पुढचं मागता येतं, अशी साधारण ती बाजू.

माझं मत विचाराल तर मी दोन्हीकडे डोलते. सकाळी पेपरमध्ये खाजगी शाळांच्या फीचे आकडे वाचले की सद्गोपाल पटतात. दुपारी एखाद्या वस्तीवरची आई "शाळेत पोरीला मारलं, कायद्यात नाहीये ना हो हे?" असं विचारायला येते तेव्हा रैना पटतात, कारण तिला "कायद्यात" हा शब्द सुचला. कायदा यायच्या आधी ती नशिबात म्हणाली असती.

भांडण मिटवायची घाई मला नाही. एकाच प्रयोगातून निघालेली दोन माणसं वेगवेगळी निरीक्षणं लिहून वर्गात भांडतायत, होशंगाबादच्या पद्धतीला धरूनच आहे ते.

"कॅन्सरशी झुंज अपयशी" असं सगळे लिहितात, तुम्ही नुसतं "कॅन्सरनं गेले" लिहिलंत. कोरडं वाटलं.
– विरार

असेल कोरडं. माझी धाकटी जाऊ ब्रेस्ट कॅन्सरनं गेली तेव्हा पेपरमध्ये असंच छापून आलं होतं, झुंज अपयशी. तिच्या लेकीनं मला विचारलं, काकू, आई नापास झाली का? तेव्हापासून मी तो शब्द लिहीत नाही. आजारी माणूस औषध घेतो, उलट्या काढतो, थकतो, बरं वाटलं की कामाला लागतो. रैना पण आजारपणात काम करत राहिले. त्यात हरणं-जिंकणं आपण बाहेरून चिकटवतो.

ताई नमस्कार, जरा मोठं लिहितेय, माफ करा. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई मागच्या दिवाळीत कॅन्सरनं गेल्या. बावीस वर्षं याच गावात. फक्त शिकवायच्या नाहीत, वीटभट्टीवरची पोरं शाळेत आणणं, बायकांचे बचत गट, दारूबंदीच्या वेळी पण पुढे, केमो चालू असताना डोक्याला स्कार्फ बांधून शाळेत यायच्या आणि पोरांनी विचारलं की सरळ सांगायच्या की औषधानं केस जातात, परत येतात. आता पहिला स्मृतिदिन आलाय. मुख्याध्यापक म्हणतात फ्लेक्स लावू, फोटोला हार घालू, वक्तृत्व स्पर्धा घेऊ, सरपंच म्हणतात हॉलला नाव देऊ. मला फोटोखाली दोन ओळी लिहायला सांगितल्यात, पंधरा दिवस झाले सुचत नाहीये. अजून एक, बाईंनी विज्ञानाचं सगळं सामान, काड्यापेट्या, रिकाम्या बाटल्या, बिया, एका गोदरेजच्या कपाटात ठेवलेलं. त्या गेल्यापासून ते बंद आहे. कोणी चार्जच घेतला नाही. पोरं येता जाता दाराला हात लावून जातात.
– सहशिक्षिका, नगर जिल्हा

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. खरं सांगू का, रैनांच्या नावानं आलेल्या ढिगात तुझं पत्र आलं आणि त्यात रैनांचं नावही नाही, पण मला सगळी उत्तरं तुझ्याच पत्राला द्यावीशी वाटली.

फ्लेक्सचं आधी. लावू देत. मुख्याध्यापकांना पण दुःख झालेलं असतं आणि काहीतरी दिसेल असं करावंसं वाटतं, त्यात वाईट काही नाही. फक्त फोटो बाईंचा स्कार्फवाला घ्या, लग्नातला नको. पोरांनी ज्यांना पाहिलंय त्या बाई. वक्तृत्व स्पर्धा मात्र शक्य असेल तर टाळ, कारण काय होतं मला माहीतेय, पाच पोरं "आदरणीय व्यासपीठ" म्हणून घरच्यांनी लिहून दिलेलं पाठ म्हणतील, ज्याला सर्वात जास्त बाईंची आठवण येते तो वीटभट्टीवरचा पोरगा मागे बसून टाळ्या वाजवेल आणि बक्षीस भलत्यालाच जाईल.

आता कपाट. बाई गेल्या आणि सामान कुलपात, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की कोणाला ते विचित्र वाटत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद आहे, चार्ज कोणी घेतलेला नाही, घेतला तर उद्या काही कमी निघालं तर आपल्या अंगावर, म्हणून सगळे लांब. मी या लोकांना दोष देत नाही, मी पण असंच केलं असतं, वर भिंगाचं सांगितलंच. पण रस्ता आहे. तुमची शाव्यस आहे ना, शाळा व्यवस्थापन समिती, कायद्यानं प्रत्येक झेडपी शाळेत असते आणि दर महिन्याला बसायला हवी. अध्यक्ष पालक असतो, मुख्याध्यापक सचिव. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर एक विषय टाकायला लाव, "विज्ञान साहित्याचे कपाट उघडणे, यादी करणे व वापरात आणणे." ठराव करा, चार पालक आणि दोन शिक्षकांसमोर उघडा, यादीवर सगळ्यांच्या सह्या, म्हणजे कोणाच्या एकट्याच्या अंगावर काही नाही. काड्यापेट्या आणि बिया मुळात डेडस्टॉकला असतीलच कशाला, त्या बाईंनी स्वतः जमवलेल्या असणार, जे रजिस्टरला नाही ते सरळ वर्गात न्या. मुख्याध्यापक का-कू करायला लागले तर त्यांना सांग की फ्लेक्सच्या खर्चाला पण ठराव लागेलच, एकाच मीटिंगमध्ये दोन्ही उरकू. हे चालतं, अनुभवानं सांगते.

त्या काड्यापेट्या का जमवल्या असतील ते मला तुझ्या पत्रावरून थोडं कळलंय असं वाटतं. होशंगाबादहून निघून सगळीकडे पसरलेला एक उद्योग आहे. अरविंद गुप्ता, जे पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत खेळणी करायचे, ते १९७८ ला टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन किशोर भारतीला गेले होते आणि तिथे आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून त्यांना हे सुचलं. ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते, शेवईपेक्षा जरा जाड काळी रबरी नळी. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे. काडीचा गूल ब्लेडनं खरवडून टाकायचा (हे तू कर, पोरांना नको). तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एक एक काडी आत ढकलली की सांधा तयार, वाकवाल तसा वाकतो. चार काड्या चार तुकडे, चौकोन. त्याला कोपऱ्यातून बोटानं दाबलं की तो कलंडतो, शंकरपाळा होतो. तीन काड्या तीन तुकडे, त्रिकोण. तो दाबा किती पण, हलत नाही. मग पोरं आपणहून बाहेर बघतात, पत्र्याच्या शेडच्या कैच्या, विजेचा टॉवर, आणि त्यातलं एक तरी म्हणतं, "बाई, म्हणून तिथे तिरप्या पट्ट्या मारल्यात होय." सांध्याला मध्ये बाभळीच्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी खुपसली की घर वर चढायला लागतं, त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांतून तीन काड्या उभ्या करून वर एकत्र आणल्या की चार त्रिकोणांचा पिरॅमिड. पहिल्यांदा ट्यूब फाटते, काड्या मोडतात, जाऊ देत, स्वस्त आहे म्हणून तर आहे.

बाईंच्या कपाटात काळे तुकडे सापडले तर मला कळव. नाही सापडले तर माझा अंदाज चुकला आणि काड्यापेट्या कशासाठी होत्या ते पोरांनाच विचार, त्यांना नक्की माहीत असेल.

स्मृतिदिनाला परिपाठ जरा लांबवा. बाई काय शिकवायच्या हे कोणी भाषणात सांगू नका. पाचवीच्या पोरांकडून जे सामान निघेल त्यातलं एक एक काहीतरी पहिलीच्या पोरांना करून दाखवायला लावा, वीटभट्टीवरच्या पोराला पहिला नंबर द्या. बचत गटाच्या बायकांना बोलवा, त्यांना पुढच्या खुर्च्या, सरपंचांना दुसऱ्या रांगेत. (सरपंचांना हे कसं सांगायचं ते मुख्याध्यापकांवर सोड.) आणि वीटभट्टीचा सीझन दिवाळीनंतरच सुरू होतो ना, म्हणजे स्मृतिदिन आणि नवीन कुटुंबं यायची वेळ एकच. बाई भट्टीवर कधी जायच्या, कोणत्या मुकादमाशी बोलायच्या, पोरांची नावं कोणत्या वहीत लिहायच्या हे तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का? ते आधी शोधा. वही सापडली तर ती त्या कपाटातच असेल, मला खात्री आहे. त्या वहीवरून यंदा कोण जाणार हे स्मृतिदिनाच्या आत ठरवा, दोघी जा, एकटी जाऊ नकोस.

फोटोखाली नाव लिही, किती ते किती साल या शाळेत होत्या ते लिही. दुसरी ओळ सुचत नसेल तर रिकामी ठेव, फ्लेक्सवाला रागावत नाही.

आणि किल्ली. तू लिहिलं नाहीस ती कोणाकडे आहे. बहुतेक बाईंच्या घरी असेल, पर्समध्ये किंवा देवाजवळ. त्यांच्या मिस्टरांकडे जाऊन मागायला सगळ्यांना जड जातंय म्हणून वर्षभर कपाट बंद आहे असा माझा संशय आहे, रजिस्टर वगैरे नंतरचं. उद्या शाळा सुटली की जा. फोन करून नको, तशीच जा. चहा घे, बस जरा वेळ, ते बाईंबद्दल बोलतील ते ऐक आणि मग माग.